दहावा रकाना

“मशीनला मराठी येतंय ताई, बायकांचं मराठी येत न्हाय,” असं वर्षाराणी म्हणाली होती आणि मी हसले होते. हसण्यासारखंच होतं ते. तिनं गावोगाव फिरून लिहून आणलेली उत्तरं मी संगणकात भरत होते. चारशे बारा माणसं, चारशे बारा ओळी, आणि त्यातल्या तीसेक ओळींत बाई की पुरुष हा रकाना मोकळाच राहिला होता. मी म्हटलं, त्यात काय, क्रियापदावरून कळेलच की. ‘गेलो’ असेल तर पुरुष, ‘गेले’ असेल तर बाई. तशी एक सूचना लिहिली, आणि ज्या संगणकी भाषेत मी काम करते, जिचं नाव नुसतं ‘आर’ आहे, तिनं डोळ्याची पापणी लवायच्या आत तीसच्या तीस रकाने भरून टाकले. पुरुष, पुरुष, पुरुष. वर्षाराणीनं माझ्या खांद्यावरून पडद्यात डोकावून बघितलं आणि अशी खदाखदा हसली की आतल्या खोलीत झोपलेली माझी भैरवी उठून बसली. “आगं, समद्या बाया हाईत की त्या! आमच्यातली बाई ‘मी गेलतो’च म्हणती. तुझी सासू काय म्हणती?” नेमक्या त्याच वेळी सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मी चहा टाकतो गं, उठू नका.” मग आम्ही तिघीही हसलो, भैरवीला तर कशावरून ते कळलंही नाही तरी ती जास्तच. मी ती सूचना खोडली, रकाने दुरुस्त केले. वर्षाराणी दारात चपला घालताना थांबली आणि ते वाक्य म्हणाली. तेव्हा तिच्या तोंडावर हसू नव्हतं, हे मला आता आठवतं. त्या वेळी मी भैरवीचा एक मोजा शोधत होते. “बघते गं,” म्हणाले, जसं आपण भाजीवाल्याला उद्या बघते म्हणतो तसं.

काम तसं घरबसल्या करण्यासारखं होतं, म्हणूनच घेतलं होतं. भैरवी व्हायच्या आधी मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते. तिच्यानंतर मला घराबाहेर पडणं जमेनासं झालं. जमेनासं म्हणजे, दार ओढून घेतलं की जिना उतरेपर्यंत मला टेबलाचे चार कोपरे दिसत, गॅसची नळी दिसे, आणि मी परत वर येई. दत्तप्रसाद, माझा नवरा, म्हणे, अगं आई आहे की घरात. आहे, मान्य आहे. पण मी अजूनही दिवसा झोपलेल्या भैरवीच्या नाकाखाली बोट धरून बघते, आणि ती तीन वर्षांची आहे. अशा बाईला एका संस्थेनं काम दिलं ते धर्मावरून, जातीवरून, नुसत्या नावावरून माणसांना झालेल्या त्रासाची माहिती लावायचं. संस्था गणपतराव चालवत. निवृत्त वकील, आवाज घोगरा, प्रत्येक फोनच्या शेवटी “बाळ बरं आहे ना?” असं विचारणारे. त्यांच्याकडं दोन समुपदेशक बाया आणि एक तरुण वकील होता, आणि ही तिघं पुढल्या दोन महिन्यांत पाचच ठिकाणी जाऊ शकणार होती. कुठल्या पाच, ते माझ्या नकाशावरून ठरणार होतं. जिथं त्रास जास्त तिथं रंग गडद, डाळिंबी. जिथं काही नाही तिथं फिकट, भिजवलेल्या तांदळासारखा. नवव्या रकान्यात प्रश्न होता, गेल्या वर्षात तुमच्याबाबत काही घडलं का. दहाव्यात, धंद्यावर काय परिणाम झाला. चारशे बारा उत्तरं एकेक करून कोण वाचणार, म्हणून मी शब्द ठरवून दिले होते. फुट, मोड, जाळ, बंद, घट, यांतलं काही सापडलं की नुकसान. वाढ सापडलं की फायदा. नुकसान धरून गावाचा रंग गडद होई, फायदा धरून फिका. मला त्या ओळीचा थोडा अभिमानही वाटला होता. नीटस होती. बाळाच्या एका झोपेत लिहिलेली.

मंगळवारी दुपारी अडीचला नकाशा तयार होता आणि पाचला गणपतरावांना पाठवायचा होता. गावांची नावं एकमेकांवर चढली होती ती मी बाजूला सारत होते. भैरवी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी खेळत होती, तिथं खेळू नको असं मी दोनदा म्हटलं होतं. काच पडल्याचा अगदी बारीक आवाज आला, इतका बारीक की दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नसता, पण मी तोवर उठलेही होते. तिनं मनगट पुढं धरलं. तिथं चार हिरव्या बांगड्या होत्या, आता तीन होत्या. “आई, फुटली,” ती म्हणाली. रडत नव्हती, सांगत होती. आणि आतून, भाकरी थापता थापता, वळूनही न बघता सासूबाई म्हणाल्या, “फुटली म्हणू नये बाळा. वाढली म्हणावं.”

मी भैरवीचा हात हातात घेऊन बसले होते. मनगटावर ओरखडा नव्हता. बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडेनं मी काचेचा कण शोधत होते, आणि बघत होते टेबलावरच्या पडद्याकडं. सासूबाई पिठाचा ओला गोळा घेऊन आल्या आणि फरशीवर दाबून दाबून काच उचलू लागल्या. “काय गं, लागलं का तिला? तुझं तोंड का असं झालंय?” मी म्हटलं, काही नाही. भैरवी म्हणाली, “वाढली. आज्जी, वाढली.” नवीन शब्द मिळाला की ती तो चघळत बसते. वाढली म्हणजे मोठी झाली का, असं तिनं विचारलं. तशी तीही वाढते आहे, दर सहा महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करतो आम्ही. सासूबाई म्हणाल्या, “मोठी न्हवं गं. हे आपलं बोलायचं. नारळ वाढवायचा, मंगळसूत्र वाढलं म्हणायचं. वाईट तोंडातनं काढू नये.” मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. मला पहिल्यापासून ठाऊक होतं. माझ्या आईनंही हेच सांगितलं होतं, अशाच एका दुपारी, कदाचित अशाच फरशीवर. पण ती ओळ लिहिताना मी संख्याशास्त्राची बाई होते, कुणाची मुलगी नव्हते.

टेबलाशी परत आले आणि दहाव्या रकान्यात ‘वाढ’ शोधलं. चौदा ओळी निघाल्या. नऊ खऱ्याच वाढीच्या होत्या. कुणाची दुधाची विक्री वाढली होती, कुणी कबनूरला दोन माग वाढवले होते. उरलेल्या पाचांत एका बाईचं मंगळसूत्र ‘गर्दीत वाढलं’ होतं. माझ्या नकाशात तो फायदा होता. दुसरीनं देवळाबाहेर मांडलेले नारळ ‘त्या लोकांनी रस्त्यावर वाढवले’ असं लिहून दिलं होतं, हाही फायदा. मी एकेक ओळ वाचत खाली येत होते. शेवटची तीनशे सतरावी. उचगाव. बाई. वय त्रेचाळीस. धंदा, बांगड्या भरणे, फिरती. नवव्या रकान्यात, काय न्हाय. दहाव्या रकान्यात, वर्षाराणीच्या टपोऱ्या अक्षरातून मीच उतरवलेलं, ‘बांगड्या वाढल्या. पेटीचं झाकण दुरुस्तीला.’ पुढं माझ्या आरनं घातलेलं, अधिक एक.

त्यात नाव नसतं. नाव मुद्दाम ठेवायचं नाही असा संस्थेचा नियम आहे, आणि चांगला नियम आहे. पण उचगावात त्रेचाळीस वर्षांची, पेटी घेऊन फिरणारी, किती जणी असणार? आणि त्यांतल्या कितींनी माझ्या लग्नात माझ्या हातात हिरवा चुडा भरला होता? सलिमा. तिनं माझा हात हातात घेतला होता तेव्हा बाहेर बँडवाले आले होते, मला घाम फुटला होता आणि माझी मूठ सुटत नव्हती. “सूनबाई, हात सैल सोड,” ती म्हणाली होती. अजून मी सून झालेही नव्हते. “माझ्या हातात हाय न्हवं तो? मग तुझा न्हाय. सोड.” आणि तिनं अंगठ्याच्या मुळाशी असं काही दाबलं होतं की हाड जणू मऊ झालं, आणि लहान दिसणारी बांगडी सरकन वर गेली. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला पुन्हा तीच आली. माझे हात सुजले होते. तेव्हाही म्हणाली, सैल सोड. भैरवीच्या पहिल्या वाढदिवसाला तिनं काळ्या मण्यांचं कडं आणलं होतं आणि त्याचे पैसे घेतले नव्हते. भैरवी तिला बांगडीमावशी म्हणते. म्हणायची.

संक्रांतीनंतर ती आलीच नव्हती. सासूबाईंनी फोन केला तेव्हा म्हणाली, “वैनी, गुडघं लई दुखत्यात. जिनं चढवत न्हाईत.” आम्ही हळहळलो. सासूबाईंनी एक तेल सुचवलं. आणि त्याच महिन्यात, आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरून आला होता, कुणाकडून काय घ्यावं आणि कुणाकडून घेऊ नये असा, खाली अकरा अंगठे. मी अंगठा दिला नाही. मी काहीच दिलं नाही. ग्रुपचा आवाज बंद केला, वर्षभरासाठी, कारण भैरवी त्या टिंगटिंगनं उठते असं मी स्वतःला सांगितलं. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायचं माझ्या मनात आलं नाही. शेजारी ठेवणं हेच तर माझं काम. चारशे बारा ओळींतला कुठलाही रकाना मी कुठल्याही रकान्याशी ताडून बघू शकते, दोन कळा दाबून. गुडघे मी खरे धरले, कारण गुडघे दुखतात आणि त्यात कुणाचा दोष नसतो.

आरमध्ये जिथं माहिती नसते तिथं इंग्रजी दोन अक्षरं उमटतात, एन आणि ए. मी पहिल्यापासून ती ‘ना’ अशी वाचते, कधी तोंडानंही. सरासरी काढताना सांगावं लागतं, हे ‘ना’ आधी काढून टाक, नाहीतर उत्तरच येत नाही, पूर्ण गावाचं उत्तर ‘ना’ होऊन बसतं. विद्यार्थ्यांना मी हे शिकवायचे तेव्हा ते कंटाळायचे. एका मुलीनं विचारलं होतं, मॅडम, काढून टाकलेले कुठं जातात? वर्ग हसला होता. मीही.

गणपतरावांना फोन लावला. म्हटलं, नकाशा आज नाही मिळायचा. पलीकडं कागदांचा आवाज. “ताई, छपाईवाला बसलाय माझ्यासमोर. पाच गावं जवळजवळ ठरलीत.” मी म्हटलं, चुकीची ठरलीत, एका शब्दामुळं. “एका शब्दामुळं?” त्यांचा आवाज वकिलाचा झाला. मी सांगितलं. नारळ, मंगळसूत्र सांगितलं, बांगड्या सांगितल्या, पण गाव सांगितलं नाही. पलीकडचा कागदांचा आवाज थांबला. मग म्हणाले, “आमचे वडील गेले तेव्हा आईनं दगडावर हात ठेवला होता. शेजारणी म्हणत होत्या, वाढव, वाढव. मी सहा वर्षांचा. मला वाटलं, जेवायला वाढायला सांगतायत.” पुन्हा कागद वाजले. “उद्या संध्याकाळी द्या. छपाईवाल्याला मी चहा पाजतो.” बाळ बरं आहे ना, हे त्या दिवशी विचारायचं ते विसरले.

ती संध्याकाळ मी शब्द न शोधता वाचत बसले. सगळ्या ओळी, पहिल्यापासून. भैरवी मांडीवर होती, तिच्या केसांना न्हाणीच्या साबणाचा वास होता. पाच ओळींचा ‘फायदा’ काढला, ‘नुकसान’ घातलं. उचगावचा तांदूळ डाळिंबी झाला, एकदम नाही, पण चौथ्या क्रमांकावर येईल इतका. मग नवव्या रकान्याकडं आले. ‘काय न्हाय’ एकसष्ट जणांनी म्हटलं होतं आणि एकसष्ट वेळा मी शून्य घातलं होतं. काही झालं नाही, याचंही ‘काय न्हाय’च होतं. सांगत नाही, याचंही ‘काय न्हाय’च. त्यातलं कुठलं कुठलं, ते मला घरात बसून कळणं शक्य नव्हतं, आणि अंदाज करून रंग भरणं म्हणजे पुन्हा तेच, ‘गेलो’ म्हणजे पुरुष. बराच वेळ बसून मी शेवटी त्या एकसष्टांना रंगच दिला नाही. ज्या गावात ज्या ठिकाणी असं उत्तर आलं तिथं एक पोकळ गोल काढायला सांगितलं. फक्त कड, आत मोकळं. खाली लिहिलं, इथं पुन्हा जाऊन विचारायचं आहे. पन्हाळ्याकडं तीन गोल आले, कबनूरला आठ, उचगावात बारा, एकमेकांत अडकलेले. सासूबाई दुधाचा पेला घेऊन आल्या आणि चष्मा वर करून बघत राहिल्या. “हे काय, बांगड्या काढल्यास व्हय?” म्हणाल्या. मी पेला हातात घेतला. त्या स्टूल ओढून बसल्या. “ती येत न्हाय म्हणून मी तरी कुठं गेलतो तिकडं,” पडद्याकडं बघतच म्हणाल्या. मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. “पंचवीस वर्सं हातात हात दिला. गुडघं दुखत्यात म्हणाली, मी म्हटलं तेल लाव.”

मी तिच्याकडं जाऊ शकत होते का? हा प्रश्न मला बसमध्येही सुटला नव्हता. तिनं जे वर्षाराणीला सांगितलं ते मला सांगितलेलं नव्हतं. नाव नसलेल्या कागदावर तिनं विश्वास टाकला होता आणि त्या कागदाच्या पलीकडं मी बसले होते, हे तिला ठाऊक नव्हतं. मला वाचलेलं विसरून जायचं होतं आणि वाचलं म्हणूनच जायचं होतं. बुधवारी सकाळी भैरवीला घेऊन निघाले तेव्हा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मी जिन्यावरून परत वर गेले नाही. कारण एवढंच तयार ठेवलं होतं, की पोरीची एक वाढली, ती भरायची आहे. ते खरंही होतं. भैरवी खिडकीशी बसून तीन बांगड्या मोजत होती आणि चौथ्या जागी बोट ठेवून “ना” म्हणत होती.

दार सलिमाच्या नवऱ्यानं, अमीन यांनी, अर्धंच उघडलं. ओळख पटल्यावर पुरतं उघडलं, पण आमच्या मागं रस्त्यावर कोण आहे ते बघून घेतलं. मीही तसंच बघते, दार उघडताना. “आगं, सूनबाई!” आतून आवाज आला आणि सलिमा आली, चांगली चालत आली. तिचे गुडघे ठीक होते. तिलाही त्याच क्षणी ते आठवलं असावं, कारण दोन पावलं उरली असताना ती जराशी लंगडली. मी खाली भैरवीच्या चपलेकडं बघितलं. “वैनी कशा हाईत? तेल लावलं बघ मी, लई गुण आला.” मी म्हटलं, सांगते त्यांना. पेटी कोपऱ्यात होती, झाकणाला नवी पट्टी ठोकलेली, वर सुतळी बांधलेली. तिनं सुतळी सोडली. पूर्वी त्यात रंगांच्या ओळी दाटीवाटीनं असत. आता एका बाजूला थोड्या हिरव्या, थोड्या लाल, आणि बाकी वर्तमानपत्र पसरलेलं. “बरं हाय न्हवं सगळं?” मी विचारलं. माझं मराठी असं ऐनवेळी तिच्यासारखं होतं. ती म्हणाली, “काय न्हाय.”

मी बरं हाय का विचारलं होतं. आणि ती म्हणाली, काय न्हाय.

एरवी मी उठले असते. मला उठायची घाई असते, कुठंही गेले तरी. घरी गॅस, घरी कोपरे. त्या दिवशी मी भिंतीला टेकले. म्हटलं, चहा टाका की. अमीन आत गेले. भांड्यांचा आवाज आला, आणि सलिमानं भैरवीचा हात घेतला. “सैल सोड गं बाळा.” “मी सैलच हाय,” भैरवी म्हणाली, आणि सलिमा हसली. ते हसू मला ओळखीचं होतं, पण मधेच कुठंतरी अडकून येत होतं. हिरवी वर गेली. चार झाल्या. मग का कोण जाणे, मी माझा हात पुढं केला. मला बांगड्या नको होत्या, टंकलेखनाला अडतात. तिनं अंगठ्याच्या मुळाशी दाबलं. “तुझा हात आज लई कडक हाय. काय झालंय?” मी म्हटलं, काय न्हाय. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं. चहाला उकळी येत होती.

“पेटी उघड म्हणाले,” ती म्हणाली. माझा हात तिनं सोडला नव्हता, दाबत होती, आवाज अगदी रोजचा. “उघडली. नाव इचारलं, सांगितलं. नाव का लपवायचं? मग पेटी हातातनं सुटली.” मी विचारलं, कुणाच्या? “सुटली,” ती म्हणाली. एक बांगडी सरकली. “चौघं हुते. तिघं अनोळखी. त्यांचं काय न्हाय. चौथा ओळखीचा. त्याच्या आईच्या डोहाळजेवणाला मीच गेलतो की. सातवा म्हैना, हात अशे सुजलेले, तुझ्यागत. ह्यो पोटात. हिरव्या भरताना लाथ मारली बघ आतनं, आम्ही दोघी हसलो.” दुसरी सरकली. “ती बाई अजून चुडा घालती. आता तिच्याच पोराच्या हातानं फुटल्या, असं कसं म्हणायचं मी? तिच्या हाताला काय व्हायला नको. मी आपलं वाढल्या म्हणालो. ह्यांनाबी तेच सांगितलं, तेच लिहून दिलं.” अमीन चहा घेऊन दारात उभे होते. त्यांनी कप खाली ठेवले आणि भैरवीला विचारलं, “बिस्किट खातीस का?”

कुणाला लिहून दिलं ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. याबद्दल मला अजूनही खात्री नाही. कधी वाटतं सांगायला हवं होतं, की बाई, तुझं ते वाचलं मी आणि उलटं वाचलं. कधी वाटतं तिनं मला स्वतःहून दिलं तेवढंच माझं. बसमध्ये मी रडले ते भैरवीच्या केसांत, म्हणजे तिला कळू नये म्हणून. तिला कळलंच. “आई, काय झालं?” म्हणाली. मी तोंड उघडलं, ते दोन शब्द जिभेवर आलेच होते. आणि मी म्हटलं, बांगडीमावशीच्या बांगड्या फुटल्या बाळा. कुणीतरी फोडल्या. मला वाईट वाटतंय. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं. भैरवी विचारात पडली. मग म्हणाली, “माझ्यातल्या दोन देऊ?”

नकाशा संध्याकाळी गेला. उचगाव पाचांत आलं, संस्थेची ती तिघं तिकडं जाऊन आली. कुणाच्या घरी गेली, कोण काय बोललं, ते माझ्याकडं आलं नाही, आणि येऊही नये. गोलांकडं जायला त्यांना वेळ पुरला नाही. एकसष्ट गोल अजून मोकळेच आहेत. सासूबाई आता महिन्यातून दोनदा उचगावला जातात, तेलाची बाटली घेऊन, कारण गुडघे दोघींनीही चालू ठेवलेत. इमारतीच्या ग्रुपचा आवाज मी पुन्हा सुरू केलाय. मागच्या आठवड्यात मी तिथं लिहिलं, आमच्याकडं शनिवारी सलिमा बांगड्या भरायला येणार आहे, ज्यांना भरायच्यात त्यांनी यावं. तीन बायका आल्या. अंगठा देणाऱ्यांतली एक होती. तिनं हात पुढं केला तेव्हा सलिमा म्हणाली, सैल सोडा वैनी.

सलिमा हे तिचं नाव नाही. गाव कदाचित उचगाव असेल, कदाचित नसेल. नियम मी पाळलाय. तेव्हा तुम्ही तिला शोधू शकणार नाही, आणि शोधायचं कारणही नाही. तुमच्या गल्लीत पूर्वी यायची आणि आता येत नाही अशी कुणीतरी असेल. बांगड्यांची नसेल तर कल्हईवाला असेल, गादीवाला असेल, मुलीच्या वर्गातल्या उजैरची आई असेल जी आता फाटकाबाहेरच थांबते. गुडघे दुखतात म्हणाली असेल. एकदा जाऊन या. या आठवड्यात जा, कारण पुढच्या आठवड्याचं मला माहीत आहे कसं होतं ते. विचारलंत की ती काय न्हाय म्हणेल. तेव्हा उठू नका. चहा मागा, आणि हात पुढं करून बसा.